वाघाच्या पाठीवर अंगठा

परवा रात्री खणात दुसरंच काहीतरी शोधत होतो आणि हाताला ती चपटी लाकडी पेटी लागली. लागली म्हणून उघडली. आतलं एक नाणं त्याच्या पारदर्शक कॅप्सूलसकट उचललं, दिव्याखाली तिरपं धरलं आणि चरकलोच. वाघाच्या पाठीवर डाग होता. आधी वाटलं कॅप्सूलच्या झाकणावर असेल, म्हणून झाकण पुसून बघितलं. डाग जागच्या जागी. मग भिंग आणलं. डाग कसला, अंगठा होता तो. खांद्यापासून पोटाकडे उतरत गेलेली, एकात एक गुंफलेली तपकिरी वळणं आणि त्यांना मधोमध छेदून गेलेली एक तिरपी रेघ. ती रेघ मी ओळखतो. लहानपणी पत्र्यानं कापलं होतं, त्याचा व्रण माझ्या उजव्या अंगठ्यावर अजून आहे.

हे कधी झालं तेही लगेच आठवलं. काही महिन्यांपूर्वी नाणं कॅप्सूलमधून काढून बघत बसलो होतो, तेवढ्यात मामांचा फोन आला. नाणं खाली ठेवायचं राहिलं आणि बोलता बोलता ते कधी चिमटीत धरलं गेलं, कळलं नाही. पेटी मूळची मामांचीच. चांदीची, आणि त्यातही प्राण्यांची नाणी त्यांनी चाळीसेक वर्षं जमवली. काचबिंदूनं नजर पार अधू झाली तेव्हा एके दिवशी मला बोलावून पेटी हातात ठेवली आणि म्हणाले, "आता मला यांची तोंडं दिसत नाहीत, तू बघ." तेव्हापासून दर फोनला एक प्रश्न ठरलेला असतो. त्या दिवशीही विचारला होता, "वाघ बरा आहे ना?" आणि मी म्हटलं होतं, "बरा आहे, मामा." ते म्हणताना माझा अंगठा वाघाच्या पाठीवर होता.

मामांचा नियम एकच. "नाणं कडेनं धरायचं. अंगाला हात लावायचा नाही." ते कधी 'पृष्ठभाग' म्हणाले नाहीत, 'अंग' म्हणायचे. मला तेव्हा ती जुन्या माणसाची बोलण्याची लकब वाटायची. आता कारण कळतंय. माणसाच्या बोटाला घाम असतो, मीठ असतं, तेल असतं. चांदीवर बोट टेकलं की हे सगळं रेघांच्या आकारात तिथे उतरतं आणि त्या वेळी डोळ्यांना काहीच दिसत नाही. त्याच दिवशी अ‍ॅसिटोनमध्ये बुडवून काढलं असतं तर बहुधा निघून गेलं असतं. पण दिवस गेले की बोटाचे क्षार आणि हवेतला गंधक मिळून खुद्द चांदीलाच बदलून टाकतात. मग ठसा नाण्यावर राहत नाही, नाण्याचाच होतो. तो काढणारी रसायनं मिळतात, नाणं त्यात क्षणभर बुडवलं की काळेपणा जातो, पण त्या काळेपणाबरोबर चांदीचा एक सूक्ष्म थरही जातो. टांकसाळीतून येताना वाघाच्या अंगावर जो दहिवरासारखा मंद, खरखरीत पांढरेपणा होता, तो त्यानं मरतो. म्हणजे डाग घालवायचा तर वाघाची कातडी थोडी सोलायची. मी भिंग खाली ठेवलं आणि बराच वेळ तसाच बसलो.

हा वाघ जावाचा आहे.

नाणं १९७४ चं, इंडोनेशियाचं, २००० रुपियाचं. एका बाजूला गरुडाचं राष्ट्रचिन्ह, दुसऱ्या बाजूला हा. जागतिक वन्यजीव निधी आणि निसर्गसंवर्धनाची आंतरराष्ट्रीय संघटना यांच्या पुढाकारानं त्या दशकात अनेक देशांनी आपापल्या संकटातल्या प्राण्यांची नाणी काढली. नेपाळनं चांदीवर मोनाल पक्षी आणि तांबडा पांडा आणला, पाकिस्ताननं सुसर आणली, इंडोनेशियानं ओरांगउटान आणि हा वाघ. विक्रीतला काही वाटा प्राण्यांच्या संरक्षणासाठी जायचा. जावाचा वाघ तेव्हा जिवंत होता. किती होते? नाण्यानंतर दोनच वर्षांनी, १९७६ मध्ये, जावाच्या पूर्व टोकाला मेरू बेतिरीच्या जंगलात पाहणी झाली, तेव्हा जेमतेम तीन वाघांच्या खुणा मिळाल्या. वाघ नव्हे, खुणा. चिखलातले ठसे. बाकी बेटावर साग होता, कॉफी होती, रबर होतं, शेतं होती आणि माणसं होती. त्या तीनांपुढे खात्रीचं असं काहीच नाही. शेजारच्या बालीचा वाघ त्याआधीच संपला होता. जावाच्या वाघापुढेही यथाकाल 'नामशेष' हा शब्द लागला.

मी नेहमी त्या दोन वर्षांशी येऊन अडखळतो. कोणीतरी टेबलावर वाकून पोलादी साच्यात हे पट्टे कोरत होतं, तेव्हा मेरू बेतिरीत तीन जिवांनी चिखलात पाय ठेवलेले असतील. टांकसाळीत साचा चांदीच्या चकतीवर दाबला जात होता, तेव्हा ते कुठल्यातरी ओढ्यावर पाणी पीत असतील. दोन्ही एकाच वेळी चालू होतं. नाणी हजारांनी पडली आणि वाघ तीन राहिले. हे लिहितानाही माझ्या पोटात कसंतरी होतं, कारण ज्यांनी ती नाणी काढली त्यांचा हेतू चांगला होता, अगदी मनापासूनचा होता, आणि तरी या एका प्राण्याच्या बाबतीत ते सगळं फार उशिरा आलं.

जावाच्या वाघाचा जंगलातला एक फोटो आहे. १९३८ मध्ये अँड्रिएस होगरवर्फ यांनी बेटाच्या दुसऱ्या टोकाला, उजुंग कुलोनमध्ये घेतलेला. कृष्णधवल, धूसर. मी तो पडद्यावर मोठा करून नाण्याशेजारी धरून पाहिला. काय शोधत होतो? हाच वाघ आहे का ते? मूर्खपणाचं नव्हतं ते, मला खरंच जाणून घ्यायचं होतं. जावाच्या वाघाचे पट्टे बारीक, लांब आणि एकमेकांना खेटून असत, हे फोटोत थोडं कळतं, नाण्यात बरंच कळतं. पण जुळवाजुळव होईना. फोटो मोठा केला की वाघ विरघळतो आणि नुसते कण उरतात. ते कणही चांदीचेच, हे मात्र तेव्हा लक्षात आलं. जुन्या फिल्मवर काळं दिसतं ती प्रकाश पडलेल्या जागी सुटी झालेली चांदी असते. म्हणजे हा वाघ दोनदा चांदीत उतरला. एकदा प्रकाश पडून, एकदा दाब पडून.

आणि एक केस. पश्चिम जावात एका कुंपणाला अडकलेला केस २०१९ मध्ये कोणाला तरी मिळाला. २०२४ मध्ये त्यावरचा शोधनिबंध आला की संग्रहालयातल्या जावाच्या वाघाच्या डीएनएशी तो जुळतो. दुसऱ्या शास्त्रज्ञांना ते पटलेलं नाही. मी मामांना फोनवर ती बातमी वाचून दाखवली होती. पलीकडे इतका वेळ शांतता होती की मला वाटलं फोन तुटला. मग ते म्हणाले, "एकच केस?" म्हटलं, "एकच." "कुंपणाला?" "हो, कुंपणाला." नंतर त्यांनी दुसराच विषय काढला. त्या रात्री मी भिंगातून नाण्यावरचे केस बघितले. कोरणाऱ्यानं मानेजवळ बारीक तुटक रेघा मारल्या आहेत, एक रेघ संपते तिथून दुसरी सुरू होत नाही, किंचित बाजूला सरकते. असं कोरायला माणसाचा केसांवर जीव असावा लागतो.

वाघाचं हे नाणं तसं संग्रहासाठी काढलेलं. पेटीतली बाकीची नाणी बुलियनची आहेत, म्हणजे ज्यांची किंमत मुळात त्यांच्यातल्या चोख चांदीची. बहुतेक एक ट्रॉय औंस, ३१.१ ग्रॅम. बुलियनची खरी ताकद अशी की कुठलंही एक नाणं दुसऱ्यासारखंच असतं. तुमचं माझ्याकडे आलं, माझं तुमच्याकडे गेलं, कोणाचंच काही बिघडत नाही. वजन तेच, शुद्धता तीच. त्यासाठीच तर ते असतं. आणि त्यावर छापलेला प्राणी नेमका याच्या उलट. दोन वाघांचे पट्टे कधी सारखे नसतात. उल्लास कारंत यांनी १९९० च्या दशकात नागरहोळेच्या जंगलात आपोआप फोटो टिपणारे कॅमेरे लावून वाघ मोजायला सुरुवात केली ती याच भरवशावर. आणि गंमत नव्हे, अडचण अशी की एकाच वाघाचीही डावी कूस उजवीसारखी नसते. म्हणून पायवाटेच्या दोन्ही अंगांना समोरासमोर कॅमेरे लावावे लागतात, दोन्ही कुशी मिळाल्या तरच तो वाघ पुरता ओळखीचा होतो. हे वाचल्यापासून मी माझं नाणं उलटून बघतो. या वाघाची दुसरी कूस असायला हवी तिथे गरुड आहे.

हत्तीचं नाणं मला पेटीत सगळ्यांत कमी आवडतं, हे मामांना मी सांगितलेलं नाही. ते सोमालियाच्या नावाचं आहे, शंभर शिलिंगचं, पण पडतं म्युनिकला, बव्हेरियाच्या टांकसाळीत. दर वर्षी हत्ती नवा, मागच्या बाजूला सोमालियाचं राष्ट्रचिन्ह, त्यात ढालीला धरून उभे असलेले दोन बिबटे. चांदीचं काम उत्तम आहे, तक्रार तिथे नाही. माझं मन कानापाशी अडतं. हत्ती ओळखायचा तो कानावरून. कानाची कड कुठे फाटलीय, कुठे भोक पडलंय, शिरांचं जाळं कसं पसरलंय, यावरून इयन डग्लस-हॅमिल्टन यांनी साठच्या दशकात टांझानियातल्या मन्यारा सरोवराकाठचे शेकडो हत्ती एकेक करून ओळखीचे करून घेतले होते. माझ्याकडच्या नाण्यावरच्या हत्तीचे कान अखंड आहेत, काटेकोर गोलाईचे. इतकं आयुष्य जगलेल्या हत्तीच्या कानाला एक फाटही नाही, हे मला सुंदर वाटत नाही. २०२१ मध्ये निसर्गसंवर्धनाच्या त्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या यादीत आफ्रिकेतल्या हत्तींच्या दोन जाती पहिल्यांदाच वेगवेगळ्या नोंदवल्या गेल्या, माळरानावरचा 'संकटग्रस्त' आणि दाट जंगलातला त्याहून एक पायरी खाली, नाहीसं होण्याच्या काठावर. नाण्यावर तो दर वर्षी धडधाकट येतो.

कोआलाची गोष्ट निराळी. पर्थच्या टांकसाळीनं २००७ पासून दर वर्षी चांदीचा कोआला काढलाय, आणि पर्थ ज्या पश्चिम ऑस्ट्रेलियात आहे तिथल्या रानात आजच्या काळात कोआला मुळात नाहीच, तो पूर्वेकडचा. मामांना हे फार लागायचं. "शेजाऱ्याच्या पोराचा फोटो आपल्या भिंतीवर," असं म्हणायचे, पण मायेनं म्हणायचे. पूर्वेकडे काय झालं ते त्यांना पाठ होतं. १९२७ च्या ऑगस्टमध्ये क्वीन्सलँड सरकारनं कोआलाच्या शिकारीला मोकळीक दिली, तेव्हा कातड्यासाठी पाच लाखांहून जास्त मारले गेले. एका महिन्यात. पुढे वणवे आले, रस्ते आले, जंगलतोड आली, आणि २०२२ च्या फेब्रुवारीत क्वीन्सलँड, न्यू साउथ वेल्स आणि राजधानीचा प्रदेश इथला कोआला 'संकटग्रस्त' ठरला. पण माझा जीव अडकलाय तो त्याच्या बोटांत. कोआलाच्या बोटांवर ठसे असतात. आपल्यासारखेच, वळणं आणि चक्र असलेले, इतके सारखे की सूक्ष्मदर्शकाखालीसुद्धा माणसाच्या ठशांपासून वेगळे काढणं अवघड. झाडांवर राहणारा, पानं एकेक करून निवडणारा प्राणी, त्याची बोटं तशी झाली. नाण्यावर त्याचे पंजे फांदीला धरून आहेत. बोटांच्या पोटाची बाजू लाकडाकडे, म्हणून दिसत नाही. परवा माझा ठसा सापडल्यावर मी पहिल्यांदा कोआलाचंच नाणं उचललं होतं, का ते मलाही नीट सांगता येणार नाही.

पेटीतला आनंदाचा कोपरा म्हणजे गोरिला. रवांडानं २००८ मध्ये काढलेला. डोंगराळ गोरिला त्या वेळी अत्यंत बिकट अवस्थेतल्या यादीत होता. २०१८ मध्ये तो त्या यादीतून एक पायरी वर आला, संख्या हजाराच्या वर गेली. फार मोठा आकडा नाही, एखाद्या मोठ्या शाळेत याहून जास्त मुलं असतात, पण आकडा वाढला हेच केवढं तरी. तिथले लोक गोरिला नाकावरून ओळखतात. नाकपुड्यांच्या वरच्या सुरकुत्या प्रत्येकाच्या वेगळ्या. डायन फॉसी यांनी अशी नाकं वहीत रेखाटून ठेवली होती. आणि रवांडात २००५ पासून जवळजवळ दर वर्षी गोरिलाच्या नव्या पिल्लांचं सगळ्यांसमोर बारसं होतं. मला वाटतं, ते वाचले यात पहाऱ्याचा, पर्यटकांच्या पैशाचा, डॉक्टरांचा वाटा आहेच, पण कोणीतरी त्यांना नावानं हाक मारत होतं याचाही आहे. हे मी सिद्ध करू शकत नाही. मला ते खरं वाटतं.

राहिले पांडे. मामांकडे दोन आहेत, एक १९८९ चा आणि एक २०१६ चा. चीनच्या या नाण्यावर पांडा जवळजवळ दर वर्षी बदलतो, पलीकडे बीजिंगचं ते गोल, तीन छपरांचं प्रार्थनामंदिर असतं. २०१६ पासून चीननं औंस सोडून ग्रॅम धरले आणि नाणं ३१.१ वरून ३० ग्रॅमवर आलं. त्याच वर्षी जंगलातला पांडा 'संकटग्रस्त' वरून एक पायरी सुधारून 'असुरक्षित' झाला. मामांना हा योगायोग फार प्रिय होता. दोन्ही नाणी छोट्या काट्याच्या दोन पारड्यांत ठेवायचे, जुनं पारडं हळूच खाली जायचं, आणि म्हणायचे, "बघ, चांदी एक ग्रॅम उतरली आणि पांडा तेवढा वर आला." त्यांच्या चेहऱ्यावर अशा वेळी जे दिसायचं ते मी दुसऱ्या कुठल्याही प्रसंगी पाहिलेलं नाही. नजर गेल्यावरही त्यांना ही दोन नाणी वेगळी करता येतात. तळहातावर घेतात, जरा झुलवतात आणि सांगतात.

दोन दिवस मी फोन केला नाही. तिसऱ्या दिवशी त्यांचाच आला. इकडचं तिकडचं झालं आणि प्रश्न आला. "वाघ बरा आहे ना?"

"नाही मामा," मी म्हटलं. "माझा अंगठा उमटलाय त्याच्यावर. पाठीवर. आता निघणार नाही."

पलीकडे शांतता. मला वाटलं रागावले. मग म्हणाले, "पुसला नाहीस ना?"

"नाही."

"पुसू नकोस. आहे तसा राहू दे त्याला." थोडं थांबून म्हणाले, "एकोणनव्वदचा पांडा काढ. मंदिराची बाजू वर कर. काठाशी, डावीकडे. भिंग घे."

फोन चालू ठेवूनच मी पेटी आणली. पांडा कडेनं धरला, मंदिर वर केलं, दिवा जवळ ओढला. आधी काहीच दिसेना. नाणं थोडं थोडं कलवत गेलो आणि एका कोनात ते वर आलं. पिवळसर, जुनं, अगदी फिकट, बोटाचं नुसतं टोक टेकल्यासारखं. अर्ध्या चंद्राएवढ्या जागेत सात-आठ रेघा, माझ्या रेघांपेक्षा बारीक, एकमेकींना खेटून, काठाकडे वळत वळत गेलेल्या आणि काठापाशी तुटलेल्या.

"दिसला?" मामांनी विचारलं.

"दिसला."

"मंदिराला नाही ना लागला?"

मी पुन्हा भिंग लावलं. शेवटची रेघ छपराच्या अलीकडे, केसभर अंतरावर थांबली होती.

"नाही," मी म्हटलं. "अलीकडेच थांबलाय."